फिलिपिनच्या लढाईत फाटलेलं बिल

स्पेनच्या राज्याशी मी असा लढलो, का त्यायचा मोठा सायेब खुर्चीसकट हालला. खुर्चीचा एक पाय मोडका होता, अन् सायेब म्हंजे आमच्या गावचा गिरणीवाला चाचा, चांगल्या वजनाचा माणूस.

हे झालं आमच्या जत्रेतल्या नाटकात. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. बियाणं घेतलं तवा दुकानदार म्हणे, ह्याले अळी लागतच नाई. अळीले कोणी सांगतलं नसन. बोंड वरून हिरवंगार, फोडलं का अंदर गुलाबी अळी आरामात, जशी काई माहेरी आली. तो कापूस येचला का आंगाले खाज सुटे, म्हणून येचाले बाया मिळत नव्हत्या. मंग आमी कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या उपटाले लागलो. संध्याकाळी हाताच्या मुठी उघडत नव्हत्या, तशाच मुठीनं भाकर खावो.

अशात शाळेचे मास्तर म्हणे, औंदा जत्रेत नवं नाटक करू. दरसाली मी राक्षसाच्या फौजेत मांगं उभा राहो अन् लोकायले हासवो. मास्तरनं कुठंतरी फिलिपिनच्या एका पोराचं वाचलं होतं, त्याच्यावर सोताच नाटक लिवलं. पोराचं काम करणारा गडी कापूस बुडाला म्हणून पुण्याकडं कामाले निंगून गेला, अन् ते काम मले आलं. पोरगा मिसरूड फुटलेला, मी चाळिशीच्या पार, समोरचा दात पडलेला. मास्तर म्हणे, "तुमी तोंड कमी उघडा."

मले वाचता येत नाई. मास्तर सांगे, मी पाठ करो. तो देश म्हणे पाण्यात हाये, निरी बेटंच बेटं. तथी स्पेनच्या गोऱ्यायचं राज्य. पोरगा त्यायच्या पाद्र्याच्या उसात राबे. माणसामांगं कर, अन् कर भरल्याचा कागद कायम जवळ ठेवा लागे. कागद नाई दिसला का शिपाई धरून नेत. मंग तो पोरगा चोरून गोऱ्यायच्या इरोधातल्या एका टोळीत गेला, सोताचा हात कापून रक्तानं सही केली.

"मास्तर, सही येत नसन त्यानं काय कराव?"

"तुमी अंगठा द्या."

एक दिवस त्या साऱ्यायनं मिळून ते कराचे कागद फाडले अन् कोयते घेऊन बंदुकीसमोर गेले. पुढं डोंगरात दिवस काढले. खायाले भात नाई, पायात काई नाई. अन् पोरगा मेला कशानं, तं हिवतापानं.

"गोळीनं मारा ना मास्तर," मी म्हणलं. "हिवतापानं तं आपल्या गावातबी मरते."

"लय जण तसेच मेले हो," मास्तर म्हणे. "थकून."

हे मले पटलं. त्याचं एक वाक्य होतं, 'मी थकलो, पण घरी जाणार नाई.' बाकीची वाक्यं मी इसरो, हे कधी इसरलो नाई. पऱ्हाट्या उपटून आल्यावर त्या वाक्यातला पयला अर्धा भाग पाठ कराची गरजच नव्हती.

घरी निराळीच लढाई चालू होती. कृषी सहायकानं गावात सांगतलं होतं, बोंडअळीची भरपाई पायजे तं अर्जासंगं बियाण्याचं पक्कं बिल अन् रिकामी थैली लागन. दुकानदार देते चिटोऱ्यावर लिहून, पक्कं बिल कोणापाशी? माह्या घरच्या बाईपाशी होतं. पेरणीच्या टायमाले ती दुकानापुढं फतकल मारून बसली, बिल घेऊनच उठली. भरपाई आली का तिले शेळी घ्याची होती. कापूस बस झाला म्हणे. अमडापूरच्या बाजारात शेळी पाहूनबी ठेवली होती. ती शेळी तिच्याकडं कशी पाहे, हे मले रोज आयका लागे.

जत्रेच्या दिवशी मास्तर म्हणे, फाडाले कागद आणा, छापील पायजे, लांबून खरा दिसला पायजे. मी घरचा डब्बा उघडला. लायटीची बिलं, लग्नपत्रिका, काय काय होतं. त्यातला सगळ्यात चांगला, निळ्या गोल शिक्क्याचा कागद मी निवडला. म्हणलं, सरकारी कागद असाच असन.

नाटक उभं राह्यलं. चाचा सायेब होऊन ओरडला, "टॅक्स का कागज दिखाव." मी कागद वर धरला अन् फाडला. लोकायनं टाळ्या वाजवल्या, म्हणून अजून फाडला. टाळ्या आयकल्या का माह्या हाताले आवर रायत नाई.

पण निळा शिक्का समोरच्या बायायले दिसला होता. त्यायच्यातून माही घरची उठली, स्टेजवर आली, अन् खाली बसून तुकडे येचू लागली. तवा मले समजलं मी काय फाडलं ते.

लोकायले वाटलं, ही पोराची माय. एक म्हातारी पदरानं डोळे पुसाले लागली. चाचाच्या ध्यानात आलं. तो सायबाची टोपी काढून तिच्या बाजूले बसला अन् हळूच म्हणे, "भाभी, इधर भी एक पड्या है." मी मधात उभा. पाठ होतं तेच बोललो, "मी थकलो, पण घरी जाणार नाई."

ती खालूनच म्हणे, "येऊच नका."

मास्तर मांगून म्हणे, तेवढाच भाग चांगला झाला.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेणं बंद होणार होतं. तिनं पिठाची खळ करून बिल चिकटवलं अन् आमी पंचायतीत गेलो. कृषी सहायकानं बिल उजेडाले धरलं. "बाई, बियाण्याचा नंबर कुठं हाये? अथी तं भोक हाये."

तो तुकडा वाऱ्यानं उडाला असन, नाईतं माह्या पायाखाली गेला असन. तिनं पिशवीतून बियाण्याची रिकामी थैली काढली. ती डब्ब्यात नव्हतीच, ज्वारीच्या कोठीत दाबून ठेवली होती. नंबर थैलीवर होता. सहायकानं थैली पाह्यली, बिल पाह्यलं अन् अर्ज ठेवून घेतला.

"पैसे कधी येतीन ते मी नाई सांगू शकत," तो म्हणे.

"ठेवा तं खरं," ती म्हणे.

मंग त्यानं माह्याकडं पाह्यलं. नाटकातला रंग माह्या कानामांगं तसाच होता. "वावर तुमचं का? कापूस कसा गेला, तुमी सांगा."

मी घसा साफ केला. म्हणलं, माणूस सकाळपासून अर्ज पाहून थकला, जरासा हासवाव.

"त्यायले नका इचारू सायेब," ती म्हणे. "वावर मी करतो. हे निरे हासवाले ठेवले हायेत, अन् तेबी धड जमत नाई."