गोळी खाणाऱ्याचं रक्त

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ही पदवी मला शाळेतल्या गुरुजींमुळे मिळाली, हे मी आजही भेटेल त्याला सांगतो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

लहानपणी मला एका जागी बसवत नसे. गणित अर्धं टाकून मी खिडकीबाहेरच्या बैलगाडीकडे बघत बसायचो. पाणी आणायला पाठवलं तर घागर विहिरीवरच विसरून यायचो. "याच्या बुडाखाली काटा हाय," असं पोरं म्हणायची. घरी मार बसायचा. गुरुजींनी मात्र कधी हात उगारला नाही. मॅट्रिकला मी नापास झालो तेव्हा ते स्वतःच्या खर्चानं मला औरंगाबादला एका परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले आणि रोज सकाळी एक अशी गोळी लिहून दिली. आज या दुखण्याला एडीएचडी म्हणतात. तेव्हा आमच्याकडे कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. परतीच्या एस.टी.त गुरुजी म्हणाले, "हे वेड नव्हे, हे ध्यानात ठेव. तुझं चित्त ठरत नाही, ही गोळी त्याला ठरवते. लाजायचं कारण नाही."

मी लाजलो नाही. गोळी घेतली, मॅट्रिक झालो आणि परभणीच्या कॉलेजात गेलो. आमचा वसमतकडचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. गोळ्या गावाकडे मिळत नसत आणि परभणीतही नाही. गुरुजीच त्या औरंगाबादहून मागवून माझ्या खोलीवर पोचवायचे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एका दुपारी गुरुजी माझ्या दारात उभे राहिले. हातात गोळ्यांची पिशवी नव्हती. बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सकाळी परभणीच्याच सरकारी दवाखान्यात मुलगा झाला होता आणि रक्तस्राव थांबत नव्हता. संध्याकाळच्या आत एक बाटली तरी रक्त चढवलं नाही तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गुरुजींचं रक्त जुळलं नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाला तर त्यांच्या आईनं सुई लावूच दिली नव्हती. लेकराबाळाच्या माणसानं रक्त दिलं की कंबर कायमची जाते, असं तिचं म्हणणं.

मी तसाच निघालो. मनातून मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. गुरुजींचं काही फेडता येईल असं मला त्या दिवसापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

माझं रक्त जुळलं. डॉक्टरांनी विचारलं, "कावीळ, हिवताप झाला होता? काही औषध चालू आहे?" मी गोळीचं सांगितलं, चिठ्ठीही दाखवली. त्यांनी ती वाचून परत दिली. "त्यानं काही बिघडत नाही. बाही वर करा आणि झोपा."

गुरुजींची आई दारातच बसली होती. ती उठून आत आली.

"कसली गोळी खातंय हे पोरगं?"

"चित्त ठरायची, आजी," मी म्हणालो.

"म्हंजी येड्याची."

डॉक्टरांनी तिला समजावून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी शिकलेले हाव, साहेब. पर मला सांगा, ह्याचं रक्त सुनेच्या अंगात जाणार. अंगातून दुधात उतरणार. दूध माझ्या नातवाच्या पोटात. एकदा गेल्यावर काढता येतंय का?"

"आजी, गोळीचा अंश उद्यापर्यंत निघून जातो."

"गोळी जाईल हो," आजी माझ्याकडे बघून म्हणाली. "बाकीचं?"

आमचं घर बौद्धवाड्यातलं. ते बाकीचं काय, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी गुरुजींकडे पाहिलं. गोळी म्हणजे काय ते माझ्याइतकंच त्यांना माहीत होतं. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आईचं मन मोडवत नाही रे. तू मनावर घेऊ नको. गोळीचंच कारण आहे, दुसरं काही नाही."

दुसरं काही आहे का, असं मी विचारलंच नव्हतं.

मी टेबलावरून उतरलो, बाही खाली केली. थोरला भाऊ बाहेरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि रक्त विकणारा एक माणूस घेऊन आला. असे दोन-तीन जण तिथे रोज बसलेले असत. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. मागचं रक्त कधी दिलं, असं डॉक्टरांनी दरडावून विचारलं. "लई दिस झाले, साहेब," तो म्हणाला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण वेळ राहिला नव्हता आणि त्याचं रक्त जुळत होतं. तू कुठला, कुणाचा, हे आजीनं त्याला विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं की कळेल, म्हणून विचारलं नाही.

बाटली संपेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बाई वाचाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्या वाचल्या.

सव्वा महिन्यानं गुरुजींचं पत्र आलं, बाई बोलावतात. मी हट्टा गावाकडे जाणाऱ्या एस.टी.नं त्यांच्या घरी गेलो. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पिवळ्या दिसत होत्या. मला पाहताच त्यांचे डोळे भरून आले.

"यांनी मला सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तू धावत आलास म्हणून. तुझं रक्त मिळालं नसतं तर हे लेकरू आज आईविना असतं."

मी गुरुजींकडे वळलो. ते उंबऱ्यापाशी उभे होते. बायकोशी खोटं ते का बोलले, मला आजही नीट सांगता येत नाही. दारुड्याचं रक्त चढवलं हे सांगायची लाज वाटली असेल, किंवा मला नाकारल्याची लाज वाटली असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत उत्तर चुकलं की आम्ही त्यांच्याकडे पाहायचो, अगदी तसं.

बाईंनी डबा उघडून डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. "बाळंतिणीचे हायेत, पर तुला बी अंगात भरून यायला पाहिजे. एवढं रक्त काढलं तुझं."

कोपऱ्यात आजी तांदूळ निवडत होती. मी काय बोलतो, याकडे तिचाही कान होता. खरं सांगितलं असतं तर गुरुजी बायकोसमोर उघडे पडले असते, आणि मला तर त्यांनीच माणसात आणलं होतं.

"व्हय बाई," मी म्हणालो आणि लाडू खाल्ला.

"अजून एक दे की त्याला," आजी सुपातून मान वर न करता म्हणाली.

मी तोही खाल्ला.