पाचवी तार

"पाना तो बघ, तिथं खिळ्याला लटकलाय. तुला धाकटीची तार काढायचीय ना? काढ. माझ्या हातनं नाही निघायची."

"दुकान तुझं, आणि मी चढू स्टुलावर?"

"दुकान माझंय म्हणूनच सांगते दादा. मी चाकाला तारा बसवते. उपटायचा धंदा माझा नव्हे."

एवढं बोलून तिनं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे कुठनं येतात ते बघत बसली. सायकल दुरुस्तीचं हे दुकान तिच्या बापाचं, घर त्याच्याच मागं. बाप गेल्यावर थोरल्यानं कचेरीतली खुर्ची धरली, हिनं पाना धरला. तेव्हापासून ती सगळ्या गल्लीची पानाताई. मोठमोठे बापई गडीसुद्धा सायकल टेकवून गुमान उभे राहतात, कारण घाई केली की पानाताई हमखास दुसऱ्याचं काम आधी हातात घेते.

वाद होता चांदणीचा. नाताळात लोक कागदाच्या चांदण्या लावतात. या घरात सायकलचं चाक लागतं. बापानं लग्नाच्या वर्षी एक जुनं चाक दुकानाच्या दाराच्या तुळईला टांगलं, मागं बल्ब लावला आणि म्हणाला, ही आपली चांदणी. चांदणी गोल कशी, असं बायकोनं विचारलं तर म्हणे, लांबून सगळ्याच गोल दिसतात! चाकाच्या तारा गंजक्या, पण घरात माणूस वाढलं की एक गंजकी काढून तिथं नवी, चकचकीत तार बसवायची. बाबा, आई, दादा, ताई, धाकटी, वहिनी, दादाची लेक, अशा सात तारा ओळीनं. माणूस मेलं तरी तार राहते; गेलेल्या आईबापांची थोरला छेडतो. एक डिसेंबरला चांदणी चढते, सहा जानेवारीला उतरते, आणि नाताळच्या दुपारी जेवायच्या आधी एकेकानं स्टुलावर चढून आपली तार नखानं छेडायची. टंग्. मग हात धुऊन टेबलाला.

धाकटीनं सहा महिन्यांमागं नवरा सोडला. तो कसा होता ते तिच्या हातावरच्या डागांनी सांगितलं असतं, पण दादाला ते बघायचं नव्हतं. त्याला कचेरीतली तोंडं दिसत होती. म्हणून एक तारखेला, चांदणी चढल्या चढल्या, तो इस्त्रीच्या शर्टात हजर.

"ऐकून ठेव," तो म्हणाला, "ज्याची तार नाही, त्यानं टेबलाला बसायचं नाही."

"बरं," पानाताई म्हणाली. "तुझा शब्द."

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं स्टूल रस्त्यावर मांडलं, वर चढला, डावीकडनं बोट लावत पाच मोजल्या आणि पाचवी तार उपटली. सरळ निघाली नाही, पार वाकडी करून काढली. ताई बघत होती. मग तिनं ट्यूबला सोल्युशन लावलं.

पुढं चोवीस दिवस तिनं नेहमीचं सगळं केलं. दुकानाच्या भिंतींना चुना मारला, केकचं भांडं घासलं, वहिनीशी मनुका किती घालायच्या यावर भांडली. दोन गल्ल्या पलीकडं खोली घेऊन राहिलेल्या धाकटीला निरोप धाडला: "पंचवीसला बाराच्या ठोक्याला यायचं. नाही आलीस तर पाना घेऊन मी येईन."

धाकटी आली. नवं लुगडं नाही, काही नाही, रोजच्या कपड्यात आली आणि दाराशी ताठ उभी राहिली. दादानं तोंड फिरवलं. "हिची तार नाही."

"छेडून तर बघू," ताई म्हणाली. "थोरला आधी."

दुकान झाडून मोकळं केलं होतं, म्हणून स्टूल आज आत होतं. दादा चढला. बाबांची तार, टंग्. आईची, टंग्. आपली छेडायला नख नेलं, तर तिथं भोक. त्यानं दोनदा चाचपलं. मग ताईची चार नंबरची सापडली. आणि तिच्या शेजारी पाचवी, चकचकीत, जागच्या जागी.

बाबांनी चांदणी रस्त्याला दाखवायला केलीच नव्हती. घरातल्यांनी आतनं बघायची म्हणून तारा आतनं मोजायच्या. रस्त्यावरनं सगळं उलटं. सातातली पाचवी तिकडनं मोजली की इकडनं तिसरी.

आधी वहिनी हसली. पदर तोंडात कोंबूनही थांबेना.

"तुला माहीत होतं?" दादा स्टुलावरनंच ओरडला.

"तू चढलास तेव्हापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस? कचेरीतला माणूस, म्हटलं मोजता येत असेल." तिनं हात पुसले. "आता ज्याची तार नाही त्यानं काय करायचं म्हणाला होतास?"

दादा खाली उतरला. टेबलावर केक, वाफाळतं मटण. तो एकदा मटणाकडं बघे, एकदा धाकटीकडं. शेवटी म्हणाला, "बसू दे तिला."

"तिची तार आहे, ती बसणारच. मी तुझं विचारतेय."

"मलाही बसू दे की गं!"

"धाकटे, बसू देऊ का याला?"

 धाकटी खुर्ची ओढून बसत म्हणाली, "बसू दे. पण वाढायचं काम त्याचं."

त्यानंच वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दुकानात आला. खिशातनं वाकडी तार काढून पुढं केली. "बसवून दे."

"ही गेली कामातनं. नवी लागेल. आणि तूच बसवायची, मी सांगेन तशी."

"मग सांग."

"थांब की. तुझ्या आधी दोन पंक्चर आहेत," पानाताई म्हणाली, आणि तिनं पुढची सायकल उलटी केली.