रजिस्टरातला एक जून

माझा वाढदिवस एक जूनला असतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचाही तोच. आमच्या माण तालुक्यात सगळ्या आया काही एकाच दिवशी बाळंत होत नव्हत्या. शाळेत नाव घालताना गुरुजी वय बसेल अशी तारीख टाकून मोकळे व्हायचे. माझ्या बाबतीत ते गुरुजी म्हणजे माझे वडीलच, आमचे दादा. पोटच्या पोराची खरी तारीख माहीत असूनही त्यांचा हात सवयीने चालला, यावरून आम्ही भावंडं दादांची कायम टिंगल करायचो.

आता मी साताऱ्यात एका वकिलांकडे काम करतो. साहेब विमा कंपनीच्या बाजूने अपघाताच्या केसेस लढवतात आणि भरपाईचा तक्ता मी मांडतो. माणूस अपघातात गेला की त्याची वर्षाची कमाई धरायची. चाळिशीच्या आतला असेल तर कमाई पुढे वाढली असती म्हणून तीत जास्त भर घालायची. जगला असता तर स्वतःवर काही खर्च केला असता, म्हणून एक हिस्सा कापायचा. उरेल त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. वय जास्त, तसा आकडा लहान. सुरुवातीला या कामाची मला शिसारी यायची. नंतर तीही यायची बंद झाली, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

ही केस दहिवडीकडच्या एका बाईची. नवरा टेम्पोतून बकरी बाजाराला न्यायचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मलकापूरजवळ हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. मागे ही बाई आणि दोन मुली. तिचं म्हणणं, नवऱ्याचं चाळिसावं अजून संपायचं होतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र एक जूनलाच एक्केचाळीस पूर्ण, आणि आधार कार्डही त्याच दाखल्यावरून काढलेलं. एक्केचाळीस धरले की भर चाळीस टक्क्यांवरून पंचवीसवर येते आणि गुणायचा आकडा पंधराचा चौदा होतो. साहेब खुशीत होते. "शाळेतून जुन्या रजिस्टरचा उतारा मागव," म्हणाले, "म्हणजे विषयच संपला."

उतारा आला. झेरॉक्स फिकट होती, पण अक्षर ओळखीचं होतं. त्या अक्षरावर मी बाराखडी गिरवलेली. पानावर ओळीने अकरा एक जून होते आणि सगळे दादांच्या हातचे.

दादा आता माधवनगरला धाकट्या भावाकडे असतात. रविवारी सांगलीची एसटी धरून गेलो आणि सहज विचारल्यासारखं करून त्या बाईच्या नवऱ्याचं नाव काढलं.

"आठवतंय की," दादा म्हणाले. "त्याची आई मेंढरांमागं जायची. थोरल्याच्या मागनं हा बी वर्गात येऊन बसायचा. पाच बी पुरी नव्हती. म्हटलं, रानात हिंडण्यापरीस बसू दे. वरीसभर वाढवून लिवलं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी काय झालंय ते काढून घेतलं. "मग मी येतो की कोर्टात. सांगतो, हे मीच लिवलंय."

मी म्हणालो, "सरकारी रजिस्टर आहे दादा. पेन्शनचं लफडं होईल." पेन्शनला काही होईल असं मला स्वतःला वाटत नव्हतं. पण माझेच वडील समोरच्या बाजूने साक्षीला उभे राहिले असते, तर दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेतंय? दादांनी चष्मा काढून पुसला. "तुला कायदा कळतो. तू म्हणतोस म्हंजे झालं."

तारखेला ती बाई पिंजऱ्यात उभी राहिली. नागपंचमीला त्यांना चाळीस पुरी होणार होती, सासूबाई सांगायच्या, म्हणाली. सासूबाई वारलेल्या. साहेबांनी उतारा पुढे धरला. "मग हे खोटं आहे?"

"तारीख गुरुजींनी मनानं लिवली वो. आमच्याकडं समद्यांचीच तशी हाय."

"कोण गुरुजी? आणा त्यांना."

"आता कुठनं आनू? असत्याल का न्हाई, कुनाला ठावं?"

बोलता बोलता ती माझ्याकडे बघायला लागली. कागद माझ्या हातात होते, म्हणूनच असेल. दार चार पावलांवर होतं. मी फाइलची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

निकालात वय एक्केचाळीस धरलं. माझा तक्ता जसाच्या तसा उतरला होता. बाहेर व्हरांड्यात ती मुलींना घेऊन थांबलेली. तिचे वकील पुढच्या केसला निघून गेले होते.

"सायेब, हिशोब तुमीच मांडता न्हवं? आमचे वकील म्हनले, जरा कमी बसलं. त्यात काय चुकलं तर न्हाई न्हवं?"

"नाही, ताई. हिशेब बरोबर आहे."

तिने मान हलवली आणि धाकटीचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं.

"तुमी म्हनताय म्हंजी झालं," ती म्हणाली.

दादाही हेच म्हणाले होते.