मामेसासऱ्यांचा लाल ठिपका

जगात सरळ रेषा ज्या काही उरल्या असतील, त्यांतल्या निम्म्या माझ्या मामेसासऱ्यांनी ओढलेल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या त्यांनी तपासून पास केलेल्या आहेत. अकोटजवळच्या एका शाळेत ते जन्मभर चित्रकलेचे मास्तर होते. वाकडी वस्तू दिसली की त्यांना उचकी लागायची. एस.टी.त बसले तर चालकाच्या डोक्यावरची देवाची तसबीर सरळ करून यायचे. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते बोहल्यावर चढले आणि एक डोळा मिटून माझं बाशिंग सारखं करू लागले. आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत एक हात जास्तीचा आहे. तो त्यांचा. मला तेव्हा राग आला होता. आता फोटो पाहताना त्या रागाचीच लाज वाटते, कारण बाशिंग खरोखर वाकडं होतं.

या माणसाकडे वडिलांच्या वारशाने एक रायफल आली होती. परवाना पिकाच्या राखणीचा, रानडुकरांसाठी. रायफलीवर दुर्बीण होती, पण दुर्बिणीतली फुली एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. ती जुळवायची म्हणजे गोळ्या झाडून पाहायच्या, आणि परवान्यावर गोळ्या मिळायच्या मोजक्या. मामा हळहळायचे. मग मी, अमरावतीचा हुशार जावई, कुठूनसं एक यंत्र मागवून त्यांना भेट दिलं. पुढे जे घडलं त्याला जबाबदार मीच. हुबेहूब काडतुसासारखी पितळी कांडी, आत घड्याळाचे सेल. रायफलीत गोळीच्या जागी ती बसवून घोडा दाबला की नळीतून लाल किरण निघतो आणि समोरच्या भिंतीवर ठिपका पडतो. दुर्बिणीचे स्क्रू फिरवत फुली त्या ठिपक्यावर आणायची, बस. एक गोळी खर्च न करता नेम तयार.

मामांनी सरकीच्या पोत्यांवर रायफल टेकवली, गोठ्याच्या भिंतीवर ठिपका पाडला आणि तीन-चार वर्षं ते त्याच कामात राहिले. कोंबड्या ठिपका टिपायला धावायच्या, चोची भिंतीवर आपटून रागावायच्या. शेजारचे गादीवाले चाचा, ज्यांचं वावर मामांच्या वावराला लागून होतं, कुंपणावरून विचारायचे, "क्यूं मास्तर, आज भी लाल मख्खी आली का?"

"फुली केसभर डाव्या अंगाले हाय," मामा डोळा न काढता सांगायचे.

"डुकराले केसभर समजते का, मास्तर?"

"डुकराले नाई समजत. मले समजते ना!"

आणि नेम अगदी जुळला की निवडणूक लागायची. आपल्याकडे निवडणूक म्हटली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. ग्रामपंचायत झाली की जिल्हा परिषद, ती झाली की विधानसभा. मामा लेकीची पाठवणी करावी तशी रायफल ठाण्यात सोडून यायचे. "साहेब, हिले आडवी नका ठेवू जी. दुर्बिणीले धक्का नको." ठाण्यातले लोक तिला कोपऱ्यात, केरसुणीशेजारी उभी करायचे. रायफल परत आली की मामा हातात घेऊनच म्हणायचे, "हलली!" आणि पोती पुन्हा अंगणात यायची. या सगळ्या काळात त्या रायफलीतून एकही गोळी सुटली नाही.

ती वर्षं हसण्याची नव्हती, हे मला ठाऊक आहे. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा मी तिथे जाऊन पोट धरून हसायचो आणि परतीच्या बसमध्ये अपराध्यासारखा बसायचो. एका वर्षी बोंडअळीने कपाशी पार खाल्ली. उरला फक्त हरभरा, आणि घाटे भरायला लागताच त्यात रानडुकरं उतरली. मामींनी त्या दिवशी भाकरी थापता थापता निर्वाणीचं सांगितलं, "हा हरभरा गेला तर वावर विकू न् अकोल्याले पोरीकडे राहू. मले आता झेपत नाई." अकोल्यातल्या लेकीच्या फ्लॅटमध्ये सगळ्या भिंती सरळ होत्या. तिथे मामांनी करायचं काय?

संध्याकाळी आम्ही मळ्यात गेलो. मामा रायफल घेऊन मचाणावर, शेजारी मी, खाली मामी. दिवेलागण झाली आणि काळ्या मातीत काळी डुकरं मिसळून गेली. आम्हाला काहीच दिसेना, पण दुर्बिणीतून मामांना दिसत होतं. "आले," ते कुजबुजले.

"मंग मारा ना जी!" मामी.

"थांब वो. फुली पाहू दे."

"डुकरं घाटे खाऊन राह्यले न् तुमी फुली पाहून राह्यले!"

मामांनी श्वास रोखला. घोडा दाबला. मी कानात बोटं घातली. आवाज आला, 'टिक'. नळीत पितळी कांडीच होती. शेवटचं एकदा तपासायला म्हणून बसवलेली, ती काढायची राहिली होती. दूर हरभऱ्यात एका काळ्या कपाळावर लाल ठिपका टिकलीसारखा चमकत होता, आणि मामा मचाणावर लहान मुलासारखे ओरडले, "लागली! जवाईबापू, बराब्बर मधात लागली!"

"काय लागली, माझं कपाय?" म्हणत मामींनी रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि बडवत सुटल्या, थेट त्या ठिपक्याच्या रोखाने. पलीकडून चाचाही ताट वाजवत धावले. एरवी अंधारात बडवणारे एका बाजूला आणि डुकरं दुसऱ्या बाजूला असायची. आज डुकरांना वळायलाही जागा मिळाली नाही. कळप ओढ्याकडे पळाला. चाचा धापा टाकत मचाणाखाली आले. "मास्तर, तुमची मख्खी कामाची हाय की हो!"

मग तीच रीत पडली. रोज दिवेलागणीला मामा दुर्बिणीतून पाहणार, ठिपका दाखवणार, आणि मामी नि चाचा डबे बडवत तिथेच जाणार. भर हंगामात पुन्हा निवडणूक आली तेव्हा मामांनी दुर्बीण उतरवून घेतली, नुसती रायफल ठाण्यात दिली आणि दुर्बीण नि कांडी एका बांबूला बांधून दोन्हींचा नेम जुळवला. ती रायफल त्यांनी परत आणलीच नाही. हरभरा घरात आला. वावर विकायचं मामींनी पुन्हा काढलं नाही.

गेल्या थंडीत मी गेलो होतो. मामांचा हात आता कापतो. मचाणावर चढायला मीच हात दिला. ठिपका हरभऱ्यावर पडला आणि थरथरत राहिला, या ओळीतून त्या ओळीत, जागेवर ठरेना. मी त्यांचं कोपर धरायला गेलो, तर त्यांनी हळूच सोडवून घेतलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांची रेष वाकडी पाहत होतो, आणि त्यांनाही ती दिसत होती.

"केसभर नाई, हातभर हलून राह्यलं," ते खाली पाहत म्हणाले.

अंधारातून मामींचा आवाज आला. डबा काखेत धरून त्या उभ्या होत्या. "हलू द्या जी. तुमी कुठं दाखवून राह्यले, ते समजते मले." आणि त्या थरथरत्या ठिपक्यामागे त्या सरळ चालू लागल्या.