ताईच्या चुका

पुस्तकांच्या दुकानात उभं राहून धाकटीचे पाय भरून आले होते, तरी निर्णय होईना. समोर तीन गाईडं होती आणि तिन्हींच्या पाठीवर एकच थाप मारलेली होती, पहिल्याच प्रयत्नात हमखास पास. एक इतकं जाड की उशाला घेतलं तर मान धरावी. दुसरं रंगीत चित्रांचं, वाचणाऱ्याला डोकं नाही असं धरून चालणारं. तिसऱ्यात नुसते प्रश्न आणि उत्तरं, घोका आणि ओका.

परीक्षा नेटवर्कची होती. विम्याच्या ज्या ऑफिसात धाकटी पावत्या करायची, तिथल्याच कॉम्प्युटर विभागात एक जागा रिकामी होती. साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की प्रमाणपत्र आणा आणि खुर्चीत बसा, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ. ती खुर्ची ताईची होती, धाकटीच्या सख्ख्या मोठ्या बहिणीची. खुर्ची टिकवायला तीही याच परीक्षेची तयारी करत होती. ताई उन्हाळ्यात गेली. पोटात दुखतंय हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि सांगण्याची वेळ आली तेव्हा उशीर झाला होता.

जाड गाईड धाकटी परतपरत उचलतेय हे बघून दुकानदाराने चष्म्यावरून विचारलं, घरी आहे वाटतं हे? आहे, ती म्हणाली, बहिणीचं, हीच आवृत्ती.

“मग पुस्तक चालेल हो,” तो म्हणाला. “पण त्याच्याबरोबर येणाऱ्या सरावाच्या प्रोग्रामचा कोड एकदाच चालतो. तो ज्याच्या नावावर, त्याच्याच चुका धरून बसतो. दुखणं दुसऱ्याचं आणि औषध तुम्हाला, असं व्हायचं.”

दुखणं दुसऱ्याचं, हे ऐकल्यावर धाकटीने तिन्ही गाईडं खाली ठेवली आणि सरळ घर गाठलं.

ताईचं टेबल खिडकीशी होतं तसंच होतं. प्रोग्राम उघडला तशी टिंग वाजली आणि पडद्यावर अक्षरं आली: पुन्हा स्वागत, ताई. मागच्या वेळी थांबलात तिथून सुरू करायचं? पहिल्यांदा प्रोग्रामने नाव विचारलं तेव्हा ताई आंघोळीला पळत होती, काहीही टाक म्हणाली होती, आणि धाकटीने थट्टेने ‘ताई’ टाकलं होतं. ती थट्टा अशी अंगावर येईल असं तिला कुठे माहीत होतं.

“ताई, चहा टाकू का गं?” आतून आईचा आवाज आला.

आई काही भ्रमिष्ट नव्हती. टिंग वाजली आणि तोंडातून गेलं, एवढंच. दोघींनी ते ऐकलंच नाही असं ठरवलं.

प्रोग्राम खरोखरच ताईच्या चुका धरून बसला होता. एक प्रश्न तर सारखा यायचा, वेगवेगळे कपडे घालून. एक जण तक्रार करतो की त्याचं मशीन चालत नाही. सर्वांत आधी काय कराल? पहिला पर्याय, वायर तपासा. तिसरा, काय झालं ते त्याला विचारा. बरोबर उत्तर तिसरं. ताईच्या लाल खुणा पहिल्यावर, एकजात. ताईच ती. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती टेबलाखाली शिरलेली असायची, बाहेर नुसत्या टाचा दिसायच्या. माणसं मशीनबद्दल थापा मारतात, वायर मारत नाही, असं वर ऐकवायची.

धाकटी रोज संध्याकाळी बसायला लागली आणि बरोबर उत्तरं द्यायला लागली. लाल खुणा हिरव्या होत गेल्या. तिला वाटलं, जमतंय. मग एका संध्याकाळी वायरचा प्रश्न आलाच नाही. आली ती नेटवर्कमधल्या मशीनच्या पत्त्यांच्या आकड्यांची गणितं. ती ताई बोटांवर न मोजता करायची, धाकटीची मात्र तिथे दातखीळ बसायची. वर लिहिलं होतं: ताई, तुमच्यात चांगली सुधारणा आहे.

धाकटीने माउसवरचा हात काढला. ताईचे कपडे वाटून झाले होते, फोनचा नंबर दुसऱ्या कुणाला गेला होता. ताई कुठे चुकायची हे फक्त इथे उरलं होतं, आणि ते ती रोज स्वतःच्या हाताने पुसत होती.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम चुकली. जिथे तसा प्रश्न, तिथे वायर. हळूहळू प्रोग्राम पुन्हा जुन्या वळणावर आला. ताई, हा भाग पुन्हा वाचा, असं त्याने सुनावलं. धाकटीने ते मोठ्याने वाचलं आणि आतून आई हसली.

“वाचते कसली ती,” आई म्हणाली.

त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं. मग काय, रोजचंच झालं. टिंग वाजायची, धाकटी चुकायची, आई आतून बोलायची. धाकटी ताईसारखीच प्रश्न पुरता न वाचता क्लिक करायला शिकली. खुर्चीत एक पाय दुमडून बसायलाही लागली, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

ऑफिसात वसुलीकडच्या बाईंचं मशीन अडलं. त्या काही सांगायला लागल्या तोवर धाकटी टेबलाखाली. वायरी उपसल्या, पुन्हा बसवल्या, डोक्याला टेंगूळ आणलं. बाहेर आली तर बाई पांढऱ्याफटक. “मला क्षणभर वाटलं...” म्हणाल्या आणि तिच्या टाचांकडे बघत राहिल्या. वायरीला काही झालं नव्हतं. बाईंनी सकाळीच पासवर्ड बदलला होता. विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिने पूर्ण सराव परीक्षा दिली. ही खरी, मुद्दाम चुकायचं नाही असं ठरवून. नापास. लाल खुणा बरोबर ताईच्या जागांवर. त्या तिने केल्या नव्हत्या, हाताने आपणहून केल्या होत्या.

याच टेबलाशी ताई एका हाताने कूस दाबून दुसऱ्याने माउस चालवायची. धाकटीने ते पाहिलं होतं. विचारलं तर खेकसेल, म्हणून विचारलं नव्हतं. आधी काय कराल? या घरात त्याचं उत्तर एकटी ताईच चुकली नव्हती.

ती उठून दुकानात गेली आणि जाड गाईड मागितलं. हेच घरी आहे म्हणाला होतात ना, दुकानदाराने विचारलं.

“ते ताईचं आहे,” ती म्हणाली.

यावेळी तिने स्वतःचं नाव टाकलं. पडद्यावर नुसतं ‘स्वागत’ आलं, ‘पुन्हा’ नाही. आवाज तिने बंद करून टाकला आणि मान मोडून अभ्यास केला.

परीक्षेत तो प्रश्न आलाच, नवे कपडे घालून. हात पहिल्या पर्यायाकडे निघाला. तिने तो अक्षरशः दुसऱ्या हाताने धरला, तिसऱ्यावर नेला. ती पास झाली, अगदी काठावर, पण झाली. साहेबांनी कागद पाहिला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

घरी आली तर आई अंधारू लागलेल्या खोलीत दिवा न लावता बसली होती. बातमी ऐकून बरं झालं म्हणाली, आणि थोड्या वेळाने, हलक्या आवाजात, “हल्ली ती बसत नाही का गं अभ्यासाला?”

एरवी धाकटी दिवा लावायला उठली असती. तिने खुर्ची ओढली आणि आईसमोर बसली.

“आई, काय होतंय तुला? सांग मला.”

“ती टिंग वाजली की बरं वाटतं,” आई म्हणाली. “आणि बरं वाटतं ना, त्याचीच भीती वाटते.”

धाकटीने मध्ये तोंड घातलं नाही. आई बोलत राहिली, रडली, नाक पुसलं. मग उठून टेबलाशी गेली आणि ताईचा प्रोग्राम उघडून दे म्हणाली. टिंग वाजली. पुन्हा स्वागत, ताई. प्रश्न आला. आईने तो वाचलाही नाही, बोटाने माउस चाचपला आणि पहिल्या पर्यायावर दाबलं.

“वायर,” आई म्हणाली.

लाल खूण उमटली.