लेकरू झोपलंय

"हळू बोला, बाई. लेकरू झोपलंय."

बागेत झाडू मारणाऱ्या त्या मावशींचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी मोबाइलवर बहिणीशी तावातावानं बोलत होते. जन्मभर वर्गात ओरडल्यावर आवाजाचं दुसरं काय होणार? ओशाळून मी लेकरू शोधायला लागले. बाकावर नाही, झाडाखाली नाही. मावशींनी झाडूच्या दांड्यानं कबर दाखवली.

घ्या! आमच्या शहरातली ती शांत बाग तुम्ही पाहिली असेल, तर कबरही पाहिली असेलच. कडुनिंबाखालचा दगडी चौथरा, वर काळवंडलेली कबर. जुन्या काळच्या कुण्या फौजेतल्या शिपायाची, एवढंच लोक सांगतात.

"अहो मावशी, तो तुमच्या खापरपणजोबांच्याही आधीचा," मी म्हटलं.

"असंल की. मायला तर लेकरूच ना?"

मावशी वैजापूरकडच्या. घरची मेंढरं केव्हाच विकली गेलेली, नवरा वारलेला, आणि एकुलता एक मुलगा फौजेत, तिकडं वर बर्फात. त्या ठिकाणाचं नाव काही त्यांच्या जिभेवर बसत नसे. "लई लांब हाय," एवढंच सांगत. शहराच्या कडेला पडेगावला भाच्याकडं राहून त्या रोजंदारीवर येत. चौथऱ्यावर वेफर्स खात बसलेल्या कॉलेजच्या जोड्यांना त्या कधी हुसकावत नसत. नुसतं ओठांवर बोट ठेवत. जोड्या आपोआप उठून जात.

एवढं कशासाठी, असं एकदा मी विचारलंच. चांभारचौकशा करायची खोड, दुसरं काय.

"ह्याच्या मायला तरी माहीत असंल का, लेकरू इथं हाय म्हणून? मी ह्याचं करते. तिकडं माझ्याचं कुणीतरी करंल."

 मी मोबाइल बंद करून पिशवीत टाकला.

मग एका थंडीत मुलाचा फोन येईनासा झाला. वर कुठंतरी बर्फाचा कडा कोसळल्याचं टीव्हीवर दाखवत होते. मावशी कामावर येत, डबा न उघडताच परत नेत. कबर धूत, पुसत, पुन्हा धूत. "येईल हो फोन," मी म्हणायची खरी, पण घरी गेल्यावर मीही टीव्हीसमोरून हलत नसे.

एका सकाळी त्या फाटकातूनच ओरडल्या, "आला बाई, फोन आला! बरा हाय!" मी कुणाच्या गळ्यात पडणारी नव्हे, पण त्या दिवशी पडले. आम्ही दोघी रडलो.

पुढं मुलाची बदली झाली, राहायला क्वार्टर मिळालं, आणि तो आईला न्यायला आला. फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभा होता. उंच, सावळा, थेट आईच्या वळणाचा. मावशी मात्र आत एकट्याच कबर पुसत होत्या.

"अहो, त्याला आत बोलवा की! सांगा तरी ह्या झोपलेल्या लेकराला, तुमचा लेक आला म्हणून."

"नको, बाई." त्यांचा आवाज एकदम उतरला. "ह्याची माय कवा आलीच नाय. ह्याच्यापुढं आम्ही मायलेकांनी कशाला मिरवायचं?"

कबरीवरून एकदा हात फिरवून त्या निघाल्या. फाटकाबाहेर लेकाकडं न बघता तरातरा चालायला लागल्या, तो पिशवी घेऊन मागं. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. बागेची भिंत संपली, वळण आलं, तेव्हा कुठं मावशी थांबल्या. मागं वळून त्यांनी लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं.