मुलुंडच्या कैद्यांचं गाणं

अपूर्वा परब घाटकोपरला भटवाडीत राहायची. आठवडाभर एका दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या अपॉइंटमेंट नोंदवायची आणि रविवारी डेथ मेटल हे दणदणीत रॉक गायची. गायची म्हणजे पोटातून गुरगुरायची. "ह्येका गाणा म्हणतत?" असं आई रुक्मिणी विचारायची, पण दाराला कडी घालून सराव करू द्यायची.

बँड तिने आणि केयूरने कॉलेजात असताना काढला. गिटार त्याची, शब्द तिचे, आणि शब्द सगळे इतिहासातले. सगळ्यात गाजलं ते तिच्या आजोबांवरचं गाणं. गुणाजी परब एकोणीसशे शेहेचाळीसच्या, इंग्रजांविरुद्धच्या नाविकांच्या बंडात होते. शरण या, कोणाला त्रास होणार नाही, असा पुढाऱ्यांनी शब्द दिला. पोरं शरण आली आणि आजोबा मुलुंडच्या छावणीत कैदेत पडले. नोकरी गेली ती गेलीच. म्हातारपणीही ते बंडातल्या गोळीबाराबद्दल फारसं बोलत नसत, त्या शब्दाबद्दल बोलत.

गेल्या वर्षी बँडला युरोपातल्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं आणि नेमकी तेव्हाच तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. महिनाभर अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. केयूर शहाळी घेऊन भेटायला आला.

"तू फक्त गप्प बस, बाकी मी बघतो," म्हणाला. तिने हसून मान हलवली.

थोड्याच दिवसांत फोनवर बँडचा नवा व्हिडिओ दिसला. चाल आजोबांच्या गाण्याचीच, पण किरण नावाचा कोणी इंग्रजीत गात होता, युरोपातल्या वायकिंग दर्यावर्दींच्या लढाईबद्दल. खाली बँडमधल्यांची नावं होती, तिचं नव्हतं. तिला ओरडायचं होतं आणि ओरडायची सोय नव्हती. उशीत तोंड खुपसून ती पडून राहिली. आईने पाठीवर हात ठेवला.

बोलायची परवानगी मिळाली तशी ती असल्फ्याच्या गाळ्यात गेली. बँडचा सराव तिथेच चालायचा. केयूर गिटार खाली ठेवून समजावू लागला. मुंबईचं बंड तिकडे कोणाला ठाऊक, तुझ्या आवाजाचा भरवसा तरी काय होता, आणि सांगणारच होतो, पण तुला बोलता कुठे येत होतं.

"ऐकता येत होतं रे," अपूर्वा म्हणाली. आवाज जेमतेम फुटला.

 तिने आपला माइक उचलला, वायर गुंडाळली आणि बाहेर पडली.

बँड युरोपला जाऊन आला. तिचा आवाजही हळूहळू परतला. आता तिच्या साथीला चेंबूरची गार्गी ड्रम वाजवते आणि अपूर्वा आजोबांवरचं ते गाणं मूळ शब्दांत गाते. ऐकायला मोजकी माणसं येतात. एकदा केयूर आला, मागे उभा राहिला. गाणं संपल्यावर तो पुढे आला, तेव्हा तिने ओळख दाखवली नाही. घरी येऊन मात्र ती जेवली नाही.